एकाच रक्ताचे आठ अहवाल

केंदूरच्या सरूबाईनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढले, सुलक्षणाच्या काउंटरवर शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं, "ताई, ह्यातलं माझं कंचं?" तिन्ही कागद दोन दिवसांतले, तीन वेगवेगळ्या लॅबचे होते. तिन्हींवर सरूबाईचंच नाव, वय बावन्न, आणि खाली हिमोग्लोबिन : सात पॉइंट एक, नऊ पॉइंट आठ, अकरा पॉइंट चार. गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी रक्त तपासून आणायला सांगितलं होतं. पहिला कागद बघून ते म्हणाले, रक्त चढवावं लागेल. तिसरा बघून म्हणाले, काही गरज नाही. मग स्वतःच वैतागून म्हणाले, आणखी एका ठिकाणी करून आणा. सुलक्षणानं तिच्या दंडाला पट्टा बांधला, रक्त घेतलं, मशीनला लावलं आणि थोड्या वेळानं कागद हातात दिला. नऊ पॉइंट सहा. सरूबाईनं तो बाकीच्या तिघांशेजारी ठेवला, चौघांकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "हे चौथं झालं की."

"हेच खरं आहे," सुलक्षणा म्हणाली.

"त्यांनी बी आसंच सांगितलं," सरूबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं चारही कागद एकावर एक ठेवून घडी घातली, पिशवीत टाकली आणि ती एसटी स्टँडच्या दिशेनं निघून गेली.

टोमणा असता तर सुलक्षणाला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण त्या बाईनं तिला सरळ रांगेत उभं केलं होतं, त्या तिघांच्या मागं, चौथी म्हणून. सुलक्षणानं पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सात वर्षं काढली होती. तिथं सकाळी पहिल्या पेशंटच्या रक्ताआधी मशीनला ठरलेल्या आकड्याचं रक्त लावायचं, आकडा जुळला तरच काम सुरू, नाही जुळला तर पेशंट ताटकळले तरी चालतील. तिथल्या मॅडम एकदा एका पॉइंटसाठी सगळ्यांना दीड तास उभं ठेवून बोलल्या होत्या, आणि बाकीच्या मुली मनातून शिव्या देत असताना सुलक्षणाला मात्र वाटलं होतं की आपण बरोबर जागी आलोय. मग लग्न झालं, नवरा रांजणगावला शिफ्टमध्ये, सासू आजारी, आणि ती शिरूरला परत आली. दहा बाय बाराचा गाळा, बाहेर बोर्ड, बोर्डावर मायक्रोस्कोपचं चित्र. अशी चित्रं असलेले बोर्ड नंतर तिला सगळीकडं दिसायला लागले, मोबाइल रिचार्जच्या दुकानाला लागून, चप्पलच्या दुकानावर माडीला, आणि प्रत्येक बोर्डाखाली एक माणूस बसलेला, ज्याला वाटायचं की तो आणि सुलक्षणा एकच काम करतात.

ह्या सगळ्या बोर्डवाल्यांची एक संघटना होती. तिची शिरूर-दौंड शाखा, सभासद तेवीस. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी न्हावऱ्यातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये बैठक, कारण न्हावरा शिरूर आणि दौंड दोघांनाही मध्ये पडतो. हॉलमध्ये एक बॅनर कायमचा टांगलेला असायचा, त्यावर पदाधिकाऱ्यांचे हात जोडलेले फोटो. साडेदहाची वेळ, साडेअकराला सुरुवात. आधी दीपप्रज्वलन, त्यासाठी काडेपेटी शोधणं, मग पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. मागच्या चार बैठका सुलक्षणाला पाठ होत्या. एकीत मशीन विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी पेन वाटून गेला. एकीत एक निवृत्त अधिकारी ताणतणावावर बोलायला आले आणि दीड तास स्वतःच्या अमेरिकेतल्या मुलावर बोलले. एकीत सभासदांच्या दहावी पास मुलांचा गुणगौरव झाला, त्यात त्रेपन्न टक्केवाला पण होता आणि त्याला ट्रॉफी सगळ्यात मोठी मिळाली. चौथीत पाहुणे कशावर बोलले ते कुणालाच आठवत नव्हतं. अकरापर्यंत नऊ माणसं असायची. खालून मटणाचा वास जिन्यानं वर आला की तेवीस व्हायची. ती एकटीच बाई सभासद, म्हणून दर वेळी पाहुण्यांना ओवाळायला तिला बोलावलं जायचं, आणि ती दर वेळी ओवाळायची. ताट हातात धरून ती माणसांच्या कपाळांकडं बघायची आणि मनात म्हणायची, ह्यांनी आयुष्यात एकदा तरी स्वतःचं मशीन तपासलं असेल का.

चौथ्या बैठकीत तिनं हे मोठ्यानं म्हटलं होतं. म्हणजे मशीनचं नाही, एवढंच की ह्या बैठका म्हणजे वेळेचा सत्यानाश आहे. त्यावर सेक्रेटरी सत्यजीत हसून म्हणाला होता, "मग मॅडमनाच करूया की कार्यक्रम सचिव." टाळ्या झाल्या. सत्यजीतच्या शिक्रापूर धरून तीन लॅब होत्या, घरी येऊन रक्त नेणारी माणसं होती, आणि मोबाइलवर तो रोज सकाळी आरोग्याचा एक सल्ला टाकायचा, त्यात स्वतःचा पांढऱ्या कोटातला फोटो. त्याच्या केसांना कायम जेल असायचं. सुलक्षणाला त्याचं हसणं ओंगळ वाटायचं. पण नाही म्हटलं असतं तर बोलून पळाली असं झालं असतं.

सरूबाई येऊन गेली त्याच आठवड्यात पुढच्या बैठकीचं ठरवायला दौंडला जमायचं होतं, अध्यक्षांकडं. अध्यक्ष मारुतराव. त्यांना सगळे आबा म्हणायचे. दौंड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांची लॅब, पस्तीस वर्षांची. एसटीतून उतरून त्या गल्लीत वळताना सुलक्षणाला घशात तोच जुना स्पिरिटचा वास आला, यायच्या आधीच. एकोणिसाव्या वर्षी डिप्लोमा करताना तिनं सहा महिने इथंच ट्रेनिंग केलं होतं. आबांनी तिला पहिले दोन महिने फक्त काचा धुवायला लावल्या. त्यांच्याकडं तेव्हा मशीन नव्हतं, हिमोग्लोबिन मोजायची जुनी साहली पद्धतीची नळी होती, तीत रक्त आणि अ‍ॅसिड घालून, थेंब थेंब पाणी टाकत, शेजारच्या तपकिरी काचेच्या रंगाशी डोळ्यानं जुळवायचं. आबा खिडकीशी उभे राहून नळी उजेडाला धरायचे, एक डोळा मिटायचे आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. पुण्याला गेल्यावर तिनं ह्याची नक्कल करून मैत्रिणींना पोट धरधरून हसवलं होतं. आत शिरली तर आबा तसेच खिडकीशी उभे होते. टेबलावर मशीन आलं होतं आता, पण त्याच्यावर प्लॅस्टिकचं झाकण, आणि झाकणावर पेपरची रद्दी.

"या ताई. बसा. च्या सांगतो." पूर्वी ते तिला 'अगं पोरी' म्हणायचे. संघटनेत आल्यापासून ताई, अहोजाहो. सत्यजीत आधीच येऊन खुर्चीत पसरला होता.

"मॅडम, माझ्या डोक्यात एक नाव आहे," तो म्हणाला. "यशाचा मंत्र म्हणून व्याख्यान देतात. माणूस हॉल हलवून सोडतो. लोक रडतात."

"कशासाठी रडतात?"

"आपोआप. आईवडलांवर येतात ना शेवटी."

"आपन हुरडा ठिवू," आबा म्हणाले. "मागल्या बारीला नऊच मान्सं व्हती. हुरड्याला समदी येत्यात. भाषन काय, कुनी बी करतंय."

त्या दोघांकडं बघताना सुलक्षणाच्या मनात तिरस्कार इतका स्वच्छ, इतका थंड उतरला की तिला जवळपास सुख झालं. तिनं सांगितलं की भाषण नाही, हुरडा नाही. एक प्रात्यक्षिक. आपल्याच कामाचं. प्रत्येकाला घरी काहीतरी घेऊन जाता येईल असं. सत्यजीतनं विचारलं, कंपनी कुठली देणार आहे डेमो? ती म्हणाली, कंपनी नाही, मीच. आबांनी हातातली नळी स्टँडला लावली, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "करा. पर जेवान ठिवा." एवढ्यात नियोजन संपलं. एसटीत परत येताना खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर, आणि डोक्यात सरूबाईचे तीन कागद. तिन्ही लॅब तिनं बघून ठेवल्या होत्या. तिन्हींचे मालक बॅनरवर हात जोडून होते.

वाट तिला नीलमनं दाखवली. नीलम तिची नणंद, रांजणगावच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात. संध्याकाळी भाजी निवडताना सुलक्षणा सरूबाईचं सांगत होती, तर नीलम म्हणाली, "आमच्यात काय करतात माहिताय का वहिनी? तपासणाऱ्यालाच तपासतात. खराब पीस मुद्दाम लाइनीत सोडायचा, कुणाला न सांगता. बघायचं धरतो का. तू पण तेच कर. एकाच माणसाचं रक्त वेगवेगळ्या नावानं सगळीकडं पाठव."

सुलक्षणाच्या हातातली मेथी तशीच राहिली. ते इतकं सोपं होतं की तिला राग आला, आपल्याला का सुचलं नाही ह्याचा. मग दोघींनी ठरवलं. रक्त नीलमचंच. कंपनीच्या दवाखान्यातली नर्स तिची मैत्रीण, ती काढून देईल. एका दिवशी रजा टाकून नीलम स्कूटीवर शिरूरपासून दौंडपर्यंत नळ्या पोचवणार, कुठं डॉक्टरांकडून आली म्हणून, कुठं घरातलं माणूस झोपून आहे म्हणून. आठ लॅब. नववी नळी पुण्याला, सुलक्षणाच्या जुन्या हॉस्पिटलमध्ये, म्हणजे खरा आकडा कळेल. अहवाल आले की नीलम नावं काढून टाकून क, ख, ग अशी अक्षरं देणार, आणि कुठलं अक्षर कुणाचं तो कागद पाकिटात बंद. ते पाकीट सुलक्षणा बैठकीत सगळ्यांसमोर उघडणार.

"तुझी पण धरू का आठात?" नीलमनं विचारलं.

"धर की. नाहीतर म्हणतील स्वतःला सोडलं. फक्त दिवस मला सांगू नको."

हे बोलताना तिला आपल्या मोठेपणाची एक छोटी गरम उकळी छातीत जाणवली, आणि तीही आवडली.

पुढचे तीन आठवडे तिचे बरे गेले. लॅबमध्ये कामाचा रेटा होता, मुख्यतः कारखान्यांच्या मेडिकलचा, ठेकेदार नवीन माणसं भरत होते. पण डोक्यात एक गोड गुणगुण चालू असायची. रस्त्यात सभासद भेटले की ती नेहमीपेक्षा जास्त मोकळं बोलायची. सत्यजीतनं सकाळी टाकलेला सल्ला, 'वेळीच तपासा, निर्धास्त जगा', तिनं उघडून दोनदा वाचला. ह्या माणसाच्या हातात नीलमची नळी पडली असेल का आजच? त्यानं ती जेलच्या बोटांनी धरली असेल. तिला लोकांचे चेहरे कागद वाचतानाचे दिसायचे, एकेक, सावकाश. झोपण्यापूर्वी ती ते चेहरे पुन्हा लावून बघायची, जसं कुणी लहान मूल गोळ्या मोजतं.

मग नीलमनं अहवाल दिले. क नऊ पॉइंट चार. ख दहा पॉइंट एक. ग बारा पॉइंट तीन. घ सात पॉइंट नऊ. च नऊ. छ दहा पॉइंट आठ. ज आठ पॉइंट दोन. झ अकरा पॉइंट आठ. पुण्याचा आकडा नऊ पॉइंट दोन. म्हणजे एकाच बाईला घ नं रक्त चढवायला पाठवलं असतं आणि ग नं घरी. सुलक्षणा एकटीच हसली. पण सगळ्यात जास्त तिला झ आवडला. झ मध्ये पांढऱ्या पेशी बरोबर आठ हजार आणि प्लेटलेट बरोबर अडीच लाख होत्या. पुण्याच्या अहवालात सहा हजार तीनशे चाळीस, आणि चार लाख बारा हजार. मशीन असे गोल आकडे सहसा देत नाही. ज्यानं कुणी हे केलं त्यानं नळीकडं नुसतं पाहिलं होतं आणि बोटं कीबोर्डावर फिरवली होती. बाकीच्यांचं मशीन चुकलं असेल, मशीनचं औषध शिळं असेल. हा माणूस चुकला नव्हता. ह्यानं काम केलंच नव्हतं. झ म्हणजे सत्यजीत, तिला खात्री होती. तिनं झ साठी बोलायचं वाक्य तयार केलं, बदललं, आणखी धारदार केलं.

रविवारी हॉल भरला. जेवण ठेवलंय हे आबांनी सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. सुलक्षणानं दीपप्रज्वलन काढून टाकलं, सत्कार काढून टाकले, आणि साडेदहाला जे पाच जण होते त्यांच्यासमोर सुरुवात केली, त्यामुळं उशिरा येणारे जिन्यातच चपापून आत यायचे आणि चोरासारखे मागं बसायचे. पडद्यावर तिनं आधी पुण्याचा आकडा दाखवला. मग सांगितलं, हे रक्त तुमच्यातल्या आठ जणांकडं आलं होतं. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. तिनं एकेक अक्षर दाखवलं. तिला हवे होते ते चेहरे समोर होते, आणि प्रत्येक चेहरा दुसऱ्याकडं बघत होता. कुणी म्हणालं, उन्हात नळी फिरवली असेल. कुणी म्हणालं, करंट नसतो, आम्ही काय करायचं. ती थांबायची, बोलू द्यायची, आणि मग पुढचं अक्षर. झ शेवटी.

"हा बघा," ती म्हणाली. "आठ हजार. अडीच लाख. ह्या लॅबनं रक्त मशीनला लावलेलंच नाही. नळीचा रंग बघून आकडे टाइप केलेत. चूक माफ होते. हे चूक नाही. ज्यानं हे केलं त्यानं उद्या सकाळी बोर्ड उतरवावा आणि भजी तळावीत. निदान कढईत काय आहे ते तरी बघेल."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सत्यजीत उठला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मॅडम, विषय पोचला. उत्तम कार्यक्रम. पण नावं नकोत. घरातली गोष्ट आहे."

"नावं पाकिटात आहेत," सुलक्षणा म्हणाली आणि पाकीट फाडलं.

पहिल्यांदा तिची नजर खाली गेली, झ कडं. झ, शिरूर, सुलक्षणा. नीलमचं गोल अक्षर. शेजारी कंसात, 'नर्सनं ठेकेदाराच्या मेडिकलच्या नळ्यांत घातली, यादीत नाव अंजना, वय सत्तावीस.' सुलक्षणानं ते वाचलं आणि तिला वाटलं, नीलमनं ओळ चुकवली. क समोर मारुतराव होते, म्हणजे आबा, नऊ पॉइंट चार. च समोर सत्यजीत, नऊ, म्हणजे खऱ्या आकड्यापेक्षा फक्त पॉइंट दोननं कमी. तिनं पुन्हा खाली पाहिलं. आणि मग तो दिवस आला, सगळा, जसा होता तसा, कारण तो कुठं गेलेलाच नव्हता, फक्त त्याच्याकडं बघायचं काही कारण पडलं नव्हतं. चौतीस नळ्यांचा रॅक, वर ठेकेदाराची यादी. एकोणीस झाल्यावर मशीनचं औषध संपलं. नवीन डबा दुसऱ्या दिवशी येणार होता. ठेकेदाराचा सुपरवायझर बाकड्यावर बसून पाय हलवत होता, संध्याकाळच्या आत गेटपास निघाले पाहिजेत म्हणत होता. कंपनीला फक्त फिट की अनफिट एवढंच पाहिजे असतं. तिनं उरलेल्या पंधरा नळ्या एकेक करून ट्यूबलाइटसमोर तिरक्या धरल्या होत्या. एक डोळा मिटला होता का? पुरुष, तेरा पॉइंट सहा, चौदा पॉइंट एक. बाई, अकरा पॉइंट आठ. आणि त्या वेळी तिला वाईट वाटलं नव्हतं. हे तिला आता सगळ्यात स्पष्ट आठवलं. काहीच वाटलं नव्हतं. उलट डोक्यात ती गोड गुणगुण चालू होती, बैठकीचे चेहरे लावून बघायची. ती अंजनाची नळी हातात धरून सत्यजीतच्या जेलचा विचार करत होती.

"ऱ्हाऊ द्या ताई," आबा पहिल्या रांगेतून म्हणाले. "नावं वाचू नगा. ज्याचं त्याला कळलं. झालं तेवढं बास."

सगळा हॉल हो म्हणाला. बावीस माणसं एका सुरात, सुटल्यासारखी. ती तिला दार उघडून देत होती, आणि ते दार त्यांच्या भ्याडपणाचं होतं, आणि तिला फक्त कागदाची घडी घालायची होती. तिनं घडी घातली. मग त्या सगळ्या माना हलताना पाहून, सत्यजीतचा रुमाल कपाळावरून फिरताना पाहून तिला इतकी किळस आली, त्यांची की आपण आता त्यांच्यातलेच होतोय ह्याची हे तिला कळेना, की तोंडातून शब्द बाहेर पडले.

"झ माझी लॅब आहे. बाकीची नावं वाचत नाही. झ शिरूर. मी."

तिला वाटलं, आता होईल. आता हे माझ्याकडं बघतील, जसं मी बघते. सत्यजीत तिच्याकडं बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. तो स्टेजवर आला, माइक घेतला. "बघा," तो म्हणाला, "ह्याला म्हणतात मनाचा मोठेपणा. कुणाला खाली बघायला लागू नये म्हणून मॅडमनी सगळं स्वतःवर घेतलं. कोण करतं आजच्या जगात?" टाळ्या सुरू झाल्या. ती म्हणाली, नाही, खरंच माझी, मी स्वतः टाइप केलं. माइक त्याच्या हातात होता. माणसं उभी राहिली. कुणीतरी कपाटातून जास्तीची शाल काढली, नारळ आला, आणि सुलक्षणाच्या खांद्यावर ती निळी शाल पडली तेव्हा तिला हसू यायला लागलं, न थांबणारं, आणि समोरच्या दोघांतिघांच्या डोळ्यांत पाणी होतं. यशाच्या मंत्रवाल्याशिवायच रडले होते. खालून मटणाचा वास आला. हॉल दोन मिनिटांत रिकामा झाला.

आबा मागं राहिले होते. खुर्चीत बसून त्यांनी तंबाखू मळली, पण तोंडात टाकली नाही.

"खरंच तुझीच व्हय गं?" ते म्हणाले.

"हो."

"त्या दिशी आजून किती नळ्या आशा केल्या?"

तिला हा प्रश्न हॉलमध्ये कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तिला स्वतःलाही तो पडला नव्हता. ती आतापर्यंत फक्त स्वतःच्या तोंडाकडं बघत होती. "पंधरा," ती म्हणाली. "एक नीलमची. चौदा खऱ्या."

"रक्त हाय का ठिवल्यालं?"

"टाकून दिलं. तीन आठवडे झाले."

आबांनी तंबाखू कागदात परत बांधली. "मान्सं तर हायती ना. उद्या सकाळला ठेकेदाराला गाठ. मी येतो. नळ्या मी आनतो, तुझ्या मशीनचं आवशिद आलं आसंल तर मशीनवर लाव, न्हाईतर माझ्याकडं चल." आणि मग, जिन्याकडं जाताना, "आता जेवून घे. तुझ्यामुळं मटन गार व्हायचं न्हाई कुनाचं." तिला त्यांचा रागच आला. तिनं शाल काढून खुर्चीवर टाकली आणि ती जेवली नाही.

सोमवारी सकाळी रांजणगावच्या गेटबाहेर, ठेकेदाराच्या पत्र्याच्या ऑफिसात, आबा तिच्या आधी येऊन बसले होते. दौंडहून पहिल्या एसटीनं. ठेकेदाराला तिनं सांगितलं की चौदा अहवाल चुकीचे आहेत, पुन्हा करायचे आहेत, तुम्हाला काही द्यावं लागणार नाही. तो म्हणाला, मॅडम, माणसं कामावर लागली पण, आता कशाला उकरता? आबा म्हणाले, "तुमी यादी काढा." यादीतल्या चौदांपैकी आठ सापडले. सहा जण काम सोडून गेले होते, कुणी गावाकडं, कुणी चाकणला, दोघांचे फोन बंद. ती सहा नावं सुलक्षणानं वहीत लिहून घेतली, आणि लिहिताना तिला कळत होतं की ह्यांचं आपण काही करू शकणार नाही, ते आकडे त्यांच्या नावावर कुठंतरी तसेच राहतील.

आठ जण चहाच्या सुट्टीत आले. सातवी एक बाई होती, बिहारकडची, पांढऱ्या जाळीच्या टोपीखाली केस गुंडाळलेले. ती खुर्चीत बसली पण हात पुढं करेना.

"पहले तो दिया था," ती म्हणाली. "फिर काहे?"

आबा शेजारच्या टेबलावर लेबलं चिकटवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. सुलक्षणाच्या तोंडात सोपी कारणं तयार होती, मशीन बिघडलं, नळी फुटली, आणि ती सगळी त्या हॉलमधली होती, करकरणाऱ्या खुर्च्यांवरची.

"पहले मैंने जाँचा ही नहीं था," ती म्हणाली. "ऐसे ही लिख दिया था."

बाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नवलही नव्हतं. बाजारात तराजू हातात धरलेल्या माणसाकडं बघावं तसं ती बघत होती, आणि सुलक्षणानं नजर खाली घेतली नाही, जरी घ्यावीशी वाटली. बाहेर सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. बाईनं बाही वर सरकवली.

"अबकी करोगी?"

"हाँ."

सुलक्षणानं तिची खालची पापणी ओढून पाहिली, आतून खूप पांढुरकी होती, रक्त कमी असावं तशी. सुलक्षणानं पट्टा आवळला. हात बारीक होता, शीर वर येत नव्हती. तिनं बोटानं चाचपायला सुरुवात केली.